कोंडलेली सून, वसई पश्चिम

लोकांना घाबरवायचं काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. घरात चार्जरच्या वायरी जमतात ना, तसे ते जमतात. कुठून आले कळत नाही, आणि एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात!

परवा माझ्या मावशीनं विचारलं, "तेजू, तू नक्की काम काय करतेस गं?"

म्हटलं, "मावशी, लोक तिकीट काढून येतात. आम्ही त्यांना अंधाऱ्या खोलीत कोंडतो, त्यांच्यात भूत सोडतो, आणि ते ओरडायला लागले की मी बाहेर बसून कॅमेऱ्यात बघते."

मावशीनं हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि ह्याच्यासाठी तू बी.कॉम. केलंस?"

तर, आमची एस्केप रूम. वसई पश्चिमेला एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली पहिल्या मजल्यावर दहावीचे क्लासेस, वर आम्ही. मालक ग्लेन, इथल्याच सांडोर गावचा. बापाची केळीची वाडी सोडून ह्या उद्योगात पडला, म्हणून घरी अजून बोलणी खातो. खेळाचं नाव 'कोंडलेली सून'. गोष्ट अशी की जुन्या काळी एका सासूनं सुनेला कोठीच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली लपवली. सून अजून आतच आहे. तुम्ही किल्ली शोधायची आणि पळायचं. ही गोष्ट ग्लेननं स्वतः रचली. त्याचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे सासू-सून हा विषय त्याला फार भयंकर वाटतो.

सासूचा गडी होतो राजा. निर्मळ गावचा, सहा फुटी, हातात कंदील घेऊन पाय ओढत चालतो. सून होते मानसी. आणि मी बाहेर काउंटरवर. बुकिंग मी, कॅमेरे मी, माइकवरून क्लू देणारी मी, आणि बाहेर आलेल्यांना पाणी पाजणारीही मीच.

*

आमच्या खेळात भुतांना दोन नियम आहेत. भूत बोलत नाही आणि भूत हात लावत नाही. तिसरा नियम गिऱ्हाइकासाठी. ज्याला सहन होणार नाही त्यानं ठरलेला शब्द म्हणायचा. तो ऐकला की ताबडतोब लाइट, दार उघडं, आणि भूत खाली बसून हातानेच विचारतं, पाणी हवंय का?

सुरुवातीला ग्लेननं शब्द ठरवला, 'आई'. म्हणाला, "सोपा पाहिजे. घाबरलेल्या माणसाला आठवला पाहिजे."

पहिल्याच दिवशी नालासोपाऱ्याचं एक कुटुंब आलं. आत गेले, पडदा हलला. "आई गं!" ग्लेननं लाइट लावला. बंद केला. राजाचा कंदील दिसला. "आई आई आई!" लाइट. पुन्हा अंधार. कुणाचा तरी पाय कुणावर पडला. "आई!" लाइट. ग्लेनचा हात त्या बटणावर असा नाचत होता की विचारू नका. बिचारी मानसी दर वेळी खाली बसून पाण्याची खूण करायची आणि परत उठायची.

शेवटी त्या घरातले आजोबा वैतागून वर स्पीकरकडे बघत म्हणाले, "अहो, तुमच्या एरियात लाइटचा काय प्रॉब्लेम आहे का?"

त्या दिवशी सगळे डोकं धरून बसलो होतो. ग्लेनच्या मम्मीनं घरची सुकेळी पाठवली होती. आमच्याकडे राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती, तपकिरी, चिकट, गोड. राजा तोंडात एक टाकत म्हणाला, "घाबरला की मानूस काय वाटेल ते ओरडेल. सुकेळी नाय ओरडनार."

झालं! तेव्हापासून आमचा शब्द 'सुकेळी'. ग्लेनचा हात मात्र अजून सुधारलेला नाही. आतून कुणी 'आई' म्हटलं की बटणाकडे जातोच. मी त्याच्यावर एक फटका मारते आणि खेळ पुढे सुरू होतो.

*

सुकेळीचाही घोळ झालाच. मुंबईहून एका ऑफिसची मंडळी आली होती. त्यांच्या मोठ्या मॅडमना मी शब्द नीट समजावून सांगितला. त्यांनी दोनदा म्हणूनही दाखवला. आत गेल्यावर मानसीनं नुसती मान वळवली, आणि मॅडमच्या डोक्यातून शब्द गेला!

मॅडम भिंतीला चिकटल्या आणि सुरू झाल्या, "केळी! केळी! वेफर्स! बनाना! अहो ते... चिक्की! अंजीर! फणसपोळी!"

मानसी बिचारी जागच्या जागी थांबली. वेफर्सवर थांबायचं की नाही, हे तिला कोण सांगणार? तिनं केसांमधून हळूच कॅमेऱ्याकडे बघितलं. मी माइक घेतला आणि म्हटलं, "मॅडम, जवळ आलात! अजून थोडंसं!"

मॅडम रडकुंडीला येऊन किंचाळल्या, "अगं, ते तुमच्या गावाला वाळवतात ते!"

आम्ही ते धरलं. इतका जीव तोडून सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं?

*

राजाची निर्मळला फुलांची वाडी आहे. पहाटे उठून मोगरा खुडायचा, फुलं बाजाराला लावायची, जेवायचं आणि स्कूटर काढून इथं भूत व्हायला यायचं, हा त्याचा दिनक्रम. आंघोळ करून आला तरी अंगाला वास राहतोच.

आम्हाला त्याची सवय. पण आत अंधारात, बंद खोलीत, कुणी दिसत नाही आणि एकाएकी मोगऱ्याचा घमघमाट! लोक राजा दिसायच्या आधीच ओरडायला लागले. एका बाईंनी तर बाहेर येऊन माझा हात धरला. "तो वास सोडायचं मशीन कुठून आणलंत हो? अंगावर काटा आला!"

ग्लेन खूश! म्हणाला, "राजा, तू आंघोळच करू नको. डायरेक्ट वाडीतून ये."

राजा आज्ञाधारक. दोन-चार दिवस गेले. एका दुपारी एक ग्रुप आत गेला आणि किल्ली न शोधताच, नाकाला रुमाल लावून, 'सुकेळी सुकेळी' करत बाहेर आला. आजवर इतक्या लवकर कुणी हरलं नव्हतं.

मी राजाला विचारलं, "काय केलंस रे बाबा?"

"काय नाय," राजा म्हणाला. "आज वाडीत शेनखत टाकलं."

*

आता मानसीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मानसी कॉलेजात एकांकिका करायची. बक्षिसं मिळवलेली मुलगी. लग्न ठरताना सासूबाईंनी एकच वाक्य बोलून ठेवलं होतं, "नाटकबिटक आता पुरे हं." आवाज चढवून नाही, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. सासूबाई म्हणजे मुंबईच्या सरकारी इस्पितळातल्या रिटायर्ड सिस्टर. आयुष्य वॉर्डात गेलेलं. एकदा म्हणाल्या की विषय संपला. मानसीनंही संपवला. वर्षभर गप्प राहिली. मग आमची जाहिरात तिच्या नजरेला पडली.

घरी तिनं सांगितलं, दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. नवऱ्याला खरं माहीत. तो म्हणाला, "आईला तू सांग, मी नाही सांगणार." शूर नवरा!

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, किती दिवस असं लपवणार? सोडून दे, नाहीतर सांगून टाक."

तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "सांगितलं तर सोडावंच लागेल. तेजू, मला स्टेज नको, टाळ्या नकोत. पण दिवसातून एकदा तरी माझ्याकडे बघून कुणाच्या तरी काळजाचा ठोका चुकायला पाहिजे. नाहीतर मी घरात नुसती भाकरी फुगली की नाही ते बघत म्हातारी होईन."

हे ऐकल्यावर मी तिला परत कधी काही बोलले नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचा एक कार्यक्रम असतो. मानसी पांढरा रंग फेसवॉश लावून खसाखसा धुते, पंजाबी ड्रेस चढवते, केस बांधते आणि माझ्यासमोर येऊन उभी राहते. "बघ, राहिलंय का कुठे?" मी कपाळ, गाल, हनुवटी बघते आणि म्हणते, "चकाचक!" मग ती शेअर रिक्षा पकडते.

*

आणि एक दिवस सासूबाईंची दाढ दुखायला लागली!

मानसी पांढरी फटक होऊन कामावर आली. त्या दिवशी तिला मेकअपची गरजच नव्हती. "अगं, त्या म्हणतायत, तुझ्याच डॉक्टरांकडे घेऊन चल. घरचा दवाखाना असताना दुसरीकडे कशाला?"

आमची तातडीची मीटिंग बसली. ग्लेन म्हणाला, "मागची खोली रिकामी आहे. मी एका दिवसात दवाखान्याचा सेट लावतो. राजा डॉक्टर!"

मी म्हटलं, "राजाचे हात बघितलेस का? खत टाकणारा डेंटिस्ट बघून त्यांची उरलेली दाढ पण पडेल."

राजाला राग आला. "मास्क लावीन ना."

शेवटी मानसीनं घरी जाऊन सांगितलं की डॉक्टर गावाला गेलेत. सासूबाईंनी विचारलं, "मग दवाखान्यात तू दिवसभर काय करतेस?" ती म्हणाली, "अपॉइंटमेंट पुढे ढकलते." सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "राहू दे. लवंग धरते."

दुसऱ्या दिवशी दाढ आपोआप दुखायची थांबली. मानसीनं आम्हाला पेढे आणले. राजा म्हणाला, "लवंगेत ताकद हाय." आम्ही सगळे मान हलवत पेढे खात बसलो.

*

खालच्या क्लासचे सर एकदा वर आले. आम्हाला वाटलं, आता भांडण. वरून दिवसभर किंकाळ्या, खाली मुलं भूमिती करतायत. ग्लेननं आधीच हात जोडले. "सर, सॉरी, आम्ही भिंतीला स्पंज लावतोय."

सर म्हणाले, "नाही हो, ओरडू दे. फक्त शनिवारी जरा सांभाळा. शनिवारी माझी टेस्ट असते आणि पालक खाली उभे असतात. त्यांना वाटतं, मीच पेपर अवघड काढलाय."

*

माझी स्वतःची फजिती सांगायची राहिलीच. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. बाबा नोकरीला आले आणि विरारला मनवेलपाड्यात घर घेतलं, त्यामुळे मालवणी माझ्या कानात आहे, तोंडात फारशी नाही. गणपतीत आणि जत्रेत गाऱ्हाणं घालतात तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणण्यापुरती आहे. पण ती हाडात मुरलेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी पाच-सहा पोरं आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे काका. गावाहून आलेले, धोतर, टोपी, खिशात पानाची डबी. मी म्हटलं, "काका, आत भुताचा खेळ आहे, तुम्ही बाहेर बसता का?" काका म्हणाले, "भुताक कित्याक घाबराचा? त्येका मान दिलो की ता बाजूक जाता."

आत पोरं किल्ली शोधून थकली. वेळ संपत आली. तिकडून राजा पाय ओढत आला, इकडून मानसी उठली. पोरं एका कोपऱ्यात. काका मात्र खोलीच्या मधोमध गेले, टोपी नीट केली, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू झाले.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज ही पोरां तुझ्या दारात इली हत. तेंच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

कोपऱ्यातून पोरं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"आणि तेंका भायर जावची वाट दाखव रे म्हाराजा!"

आता काय सांगू! माइक माझ्या हातात, बटण दाबलेलं. आणि माझ्या तोंडून, छातीतून, सगळ्या गावजत्रा आठवून बाहेर पडलं, "व्हय म्हाराजाऽऽ!"

आमचा स्पीकर छतात आहे, आणि ग्लेननं त्याला घुमणारा इफेक्ट लावून ठेवलाय. अख्खी खोली हादरली. पोरं जमिनीवर बसली. राजाच्या हातातला कंदील पडला. मानसी सुद्धा दोन पावलं मागे सरली.

एकटे काका प्रसन्न. वर बघून त्यांनी नमस्कार केला आणि पोरांना म्हणाले, "ऐकलान बगा त्येना! चला, आता दार उघडतला."

मग मी दार उघडलं. न उघडून सांगते कुणाला?

*

एक बघण्याचा कार्यक्रम पण आमच्याकडे झालाय. मुलगा-मुलीला जरा एकमेकांशी बोलू दे, म्हणून कुणीतरी अतिशहाण्यानं त्यांना एस्केप रूमचं तिकीट काढून दिलं. दोघं आत, आणि मुलीची आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर.

मानसीनं मान वळवली आणि मुलगा एका उडीत पेटाऱ्यावर चढला! मुलीची आई म्हणाली, "अगं बाई, हा काय संसार करणार?"

मुलगी खाली उतरंडीत हात घालून किल्ली शोधत होती. मुलगा वरून म्हणाला, "हे बघा, मी खूप घाबरलोय. मला खाली उतरता येणार नाही. पण तुम्ही शोधा, मी इथून टॉर्च धरतो." आणि खरंच धरला. मानसी पेटाऱ्याभोवती फिरली, राजा येऊन गुरगुरला. मुलाचे पाय लटपटत होते, डोळे मिटलेले होते. मुलगी सांगेल तिकडे टॉर्च मात्र बरोबर जात होता. "डावीकडे" म्हटलं की डावीकडे.

बाहेर आल्यावर आई मुलीला बाजूला घेऊन म्हणाली, "नको गं हा. भित्रा आहे."

मुलगी म्हणाली, "भित्रा आहे, पण सांगतो तरी. आणि टॉर्च सोडला नाही त्यानं. हा चालेल."

दोन महिन्यांनी आमच्या पत्त्यावर पत्रिका आली. वर नाव, 'सौ. कोंडलेली सून, श्री. गडी व परिवार'. मानसी ती पत्रिका घेऊन नाचली. "तेजू, मला सौ. लिहिलंय बघ!"

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मानसी आली नाही. घरी काय सांगणार, कुणाचं लग्न, कुठली ओळख? पत्रिका सुद्धा तिनं घरी नेली नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिली आणि अधूनमधून काढून बघते. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

आणि आता गेल्या मंगळवारचा किस्सा.

दुपारचं बुकिंग होतं, कुठल्याशा सोसायटीचं महिला मंडळ. आठ-दहा बायका, गजरे, पर्स, हसणं-खिदळणं. मानसी तयार होऊन आधीच आत बसलेली. तिचा फोन नियमाप्रमाणे माझ्याकडे. मी बायकांना नियम समजावले. सगळ्या 'सुकेळी'वर हसल्या. फक्त एक बाई हसल्या नाहीत. चष्मा, स्टार्चची सुती साडी, घट्ट अंबाडा. त्या सगळं नीट ऐकत होत्या.

"आत हवा खेळती आहे का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "हो, एसी आहे. तुम्हाला गुदमरायचं नाही."

"मला नाही. आत जी मुलं काम करतात त्यांना. मधे पाणी वगैरे देता का?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, देतो ना. तुमच्याकडचं कुणी आधी आलं होतं का? कुणी सांगितलं आमच्याबद्दल?"

"घरातूनच कळलं," त्या म्हणाल्या आणि चपला काढून कडेला नीट लावून ठेवल्या.

मंडळ आत गेलं. राजाचा पहिला फेरा झाला, व्यवस्थित ओरडाओरडा झाली. मग सगळ्या कोठीच्या खोलीकडे वळल्या. तिथं मानसी दाराकडे पाठ करून पाटावर बसलेली असते. समोर जुना आरसा आहे, त्यात तिला आत येणारे दिसतात. लोक अगदी जवळ येईपर्यंत तिनं हलायचं नसतं. तेवढा वेळ ती दगडासारखी बसते, कितीही वेळ.

त्या दिवशी बायका दारातून आत आल्या, चष्म्यावाल्या बाई सगळ्यांत शेवटी. आणि सून उठून उभी राहिली!

मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. तोवर तिचा हात खांद्यावर गेला आणि पदर सारखा करायला लागला. भूत पदर सारखा करतंय! मी त्या चष्म्याकडे बघितलं, त्या अंबाड्याकडे बघितलं, आणि मला कळलं. घरी सासूबाई खोलीत आल्या की ती अशीच उठत असणार.

ग्लेन मागे उभा होता. "काय झालं गं तिला?"

"मेलो आपण," मी म्हटलं. "सासू आहे ती. खरी!"

आत बायकांना काय, भूत उठलं एवढंच दिसलं. त्या किंचाळत मागे पळाल्या आणि सगळ्या सासूबाईंच्या पाठीमागे लपल्या. सासूबाई पुढे. समोर मानसी. केस तोंडावर, मान खाली, हात पदराशी. हलेचना! तिची नोकरी, तिचं ते रोजचं एक काळजाचा ठोका चुकणं, सगळं त्या क्षणी तिथं संपत होतं आणि मी माइक हातात धरून नुसती बघत होते. काय क्लू देणार?

सासूबाई दोन पावलं पुढे गेल्या. त्यांनी चष्मा नीट केला. सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं, पेशंट तपासावा तसं. पर्स काखेत घट्ट धरली. दीर्घ श्वास घेतला.

आणि ओरडल्या, "आई गं."

अहो, काय ते ओरडणं! वॉर्डात पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात तसं. भीतीचा लवलेश नाही. मग त्यांना स्वतःलाच ते पटलं नसावं. त्यांनी परत श्वास घेतला आणि आणखी मोठ्यानं, "आई गंऽऽऽ! मेले गंऽऽऽ!"

ग्लेनचा हात बटणाकडे गेला. मी असा फटका मारला की त्याच्या बोटांना अजून आठवत असेल.

मानसीनं मान वर केली. हळूहळू, एकेक बट बाजूला करत. आणि मग ती जी हसली! मी ह्या नोकरीला लागल्यापासून तिचं ते भुताचं हसणं रोज ऐकते. तसं कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातातला माइक निसटला. सगळं मंडळ एकमेकींना ढकलत, 'सुकेळी'ही विसरून, दारातून बाहेर पळालं. सासूबाई एकट्या तिथं उभ्या राहिल्या. मानसीचं संपेपर्यंत त्यांनी सगळं बघितलं. मग वळून शांतपणे बाहेर आल्या.

काउंटरपाशी बायका पाणी पीत होत्या, छातीवर हात ठेवून हसत होत्या. "शालनताई, तुम्ही सुद्धा ओरडलात! तुम्ही!" सासूबाई म्हणाल्या, "मग? भीती वाटली. चांगलं काम करते ती मुलगी."

सगळ्या जिन्यानं खाली गेल्या. सासूबाई मागे राहिल्या. चपला घातल्या. पर्स उघडून त्यांनी एक छोटी बाटली काढली, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली, आणि माझ्यासमोर ठेवली. खोबरेल तेल.

"आतल्या मुलीला द्या," त्या म्हणाल्या. "साबणानं निघत नाही ते. तेल लावून पुसायचं असतं. रोज कानामागे राहतं."